तिसऱ्या इंजेक्शननंतरचं लग्न

कुठल्याही इमारतीची लिफ्ट अडून बसली की ‘वरखाली’ला बोलावणं जायचं. हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कंपनीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तो नवा लागला तेव्हा गमतीनं ठेवलं आणि ते असं चिकटलं की पुढे गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर विचारायची, “वरखाली आहे का? त्यालाच पाठवा.” उंच, काटकुळा, लांब हातांचा माणूस. बोलणं बेताचं. जे काय बोलायचं ते बहुतेक मोटरशी. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, ग्रीसच्या वासात, दोराच्या तारा बोटांनी चाचपत तो पुटपुटत असायचा, “आता तुला काय झालं? काल तर बरी होतीस.”

लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो. दाराच्या फटीतून पडलेलं सगळं तिथे जाऊन साठतं. किल्ल्या, नाणी, कानातली, बटणं, एकदा तर चक्क कवळी. वरखाली ते सगळं फडक्यानं पुसून जिन्याच्या कठड्यावर मांडून ठेवायचा आणि ज्याचं त्यानं उचलून न्यावं म्हणून दोन दिवस तसंच राहू द्यायचा. कवळी न्यायला मात्र कोणी आलं नाही. कशाला येईल?

तो आणि त्याची आई दोन खोल्यांत राहत, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. आई भाजीची पिशवी घेऊन वर आली की दारातच बसून घ्यायची आणि म्हणायची, “गावभर लोकांना उचलून वर नेतोस, आईला मात्र पायीच चढव.” वडील तो लहान असतानाच गेले होते. मोठी बहीण लग्न होऊन पलीकडच्या वस्तीत राहायची. तिनेच त्याचं लग्न जुळवलं, म्हणजे जुळवायला म्हणून काही गेली नव्हती. तिचा मुलगा तरणतलावावर पोहायला शिकत होता. तिथल्या पोहण्याच्या बाई तिला आवडल्या. रोखठोक बोलणाऱ्या, उन्हानं रापलेल्या, शिट्टी गळ्यात अडकवून काठावरून फिरणाऱ्या. ताईनं भावाला एक दिवस भाच्याला आणायला पाठवलं. मग दुसऱ्या दिवशीही पाठवलं. तिसऱ्या दिवसापासून पाठवावं लागलं नाही, तो आपणहून जाऊ लागला. वर्षभरात लग्न ठरलं.

आणि मग मिस्त्रींचा अपघात झाला. एका जुन्या इमारतीत काम करताना त्यांचा पाय लिफ्टचा तोल सांभाळणाऱ्या लोखंडी ठोकळ्याखाली सापडला. शस्त्रक्रिया झाली, पाय वाचला, पण रक्त बरंच गेलं होतं. कंपनीतली सगळी माणसं रक्तपेढीत जाऊन रांगेला उभी राहिली. वरखालीनं आयुष्यात पहिल्यांदाच रक्त दिलं. वर दिलेलं बिस्किट खाल्लं, सरबत प्यायला आणि छाती पुढे काढून घरी आला.

काही दिवसांनी त्याला रक्तपेढीतून फोन आला. “जरा येऊन जाता का? फोनवर बोलण्यासारखं नाही.”

एका छोट्या खोलीत एका तरुण मुलीनं त्याला खुर्ची दिली, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की त्याचं रक्त कोणाला देता येणार नाही. त्यात हिपॅटायटिस बीचा विषाणू सापडला आहे.

“म्हणजे कावीळ?” त्यानं विचारलं. “पण मला कधीच कावीळ झाली नाही. मी कधी पिवळा पडलोच नाही.”

“पुष्कळांना काहीच होत नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर कळत नाही.” तिनं मोठ्या इस्पितळातल्या यकृताच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

तो बाहेर आला. रस्ता तसाच होता, माणसं तशीच होती. पहिला विचार त्याच्या मनात आला तो स्वतःचा नव्हताच. तो पोहण्याच्या बाईंचा होता.

यकृताच्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांना त्या दिवशी जबर सर्दी झाली होती आणि दर दोन वाक्यांनी त्या नाक पुसत होत्या. त्यांनी पुन्हा रक्त तपासून घेतलं, पोटावर सोनोग्राफी केली, आणि सगळे रिपोर्ट हाती आल्यावर त्याला समोर बसवलं.

“तुमचं यकृत ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या. “विषाणू आहे, पण झोपल्यासारखा. आत्ता औषधाची गरज नाही. पण त्यानं डोकं वर काढलं तर आपल्याला लगेच कळलं पाहिजे. म्हणून दर सहा महिन्यांनी यायचं. चुकवायचं नाही. आणि दारू अजिबात नाही.”

“तो जाणार कधी?”

“बहुधा जाणार नाही. बसा, सांगते.” त्यांनी पुन्हा नाक पुसलं. “आता ही माझी सर्दी. ही चार दिवसांची पाहुणी. पण काही विषाणू घर करतात. तुमचा विषाणू डीएनएवाला. त्या जातीत देवीचा होता, कांजिण्यांचा आहे, तापानंतर ओठावर फोड येतात त्याचा आहे, चामखिळीचा आहे. देवी लशीमुळे जगातून हद्दपार झाली. कांजिण्यांचा मात्र फोड सुकले तरी जात नाही, नसांच्या मुळाशी दडी मारून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन बाहेर येतो. तुमचा त्या सगळ्यांत आकारानं अगदी चिमुकला. पण यकृताच्या पेशीच्या गाभ्यात आपल्या डीएनएची कडी टाकून बसतो. औषधानं त्याचं तोंड बंद करता येतं, ती कडी काढून फेकता येत नाही. अजून तरी.”

“आला कुठून?”

“एवढी वर्षं टिकलाय म्हणजे बहुतेक जन्माच्या वेळी आला असणार. मोठ्या माणसाला झाला तर शरीर त्याला सहसा हुसकून लावतं. तान्ह्या बाळाला ते जमत नाही.” त्यांनी रिपोर्ट मिटवून ठेवले. “आईची तपासणी करून घ्या. आणि भावंडांची.”

त्यानं मान हलवली. मग मनात होतं ते बोलून टाकलं. “माझं लग्न ठरलंय.”

“मग तिलाही घेऊन या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जणू काही लग्नाला न्यायच्या छत्रीबद्दल बोलत असाव्यात.

पण तिला घेऊन जायचं म्हणजे आधी तिला सांगायचं, आणि तिथेच घोडं अडलं. वरखालीनं भेटणंच टाळलं. आज काम निघालं, उद्या डोकं दुखतंय, परवा मिस्त्रींना बघायला जायचंय. मिस्त्रींना बघायला तो इतक्या वेळा गेला की शेवटी मिस्त्रीच वैतागले. “अरे, मला काही मरायचं नाहीये. तू का असा तोंड पाडून बसतोस?” घरी आई आडून आडून विचारी, त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. काहीतरी निमित्त काढून लग्न मोडावं, तिला मोकळं करावं आणि आपण आपल्या मोटरींशी बोलत बसावं.

एका दुपारी तो एका आठ मजली इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत होता. ब्रेकचे पट्टे बदलायचे होते म्हणून लिफ्ट बंद ठेवली होती. दार ढकललं गेलं आणि पोहण्याच्या बाई आत आल्या. आठ मजले चढूनही दम लागलेला नव्हता.

“तुला इथला पत्ता कोणी दिला?” तो उभा राहत म्हणाला.

“तुझ्या मिस्त्रींनी. म्हणाले, लवकर जा, नाहीतर तो मला रोज बघायला येईल.” तिनं एका उलट्या बादलीवर बैठक मारली. “दुसरी कोणी आवडलीय का?”

“नाही.”

“मी नकोशी झालेय?”

“नाही.”

“झालं तर मग. उरलेलं काय ते सांग.”

त्यानं सांगितलं. हातातलं फडकं पिळत, खाली बघत, जमेल तसं. रक्तपेढी, विषाणू, डॉक्टरीणबाई, सगळं. शेवटी म्हणाला, “तू नाही म्हटलंस तर मला राग येणार नाही. मी घरी सांगेन की मीच मोडलं.”

खालून कोणीतरी जिन्यात ओरडलं, “अहो, लिफ्ट कधी सुरू होणार?” त्यानं दारातून डोकं काढून “अर्ध्या तासानं” असं सांगितलं आणि परत येऊन उभा राहिला.

“एका ताटात जेवलं तर होतो?” तिनं विचारलं.

“नाही. मी विचारलं.”

“हात धरला तर?”

“नाही.”

“तलावात एकत्र पोहलं तर?”

“तू मला अजून पाण्यात उतरवलंयसच कुठे?”

“विषय बदलू नकोस.”

“नाही होत. रक्तातून होतो. आणि...” तो अडखळला. “नवराबायकोच्या संबंधातून. आणि आईकडून बाळाला. दुसऱ्याचं दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश वापरला तरी होऊ शकतो.”

“तुझा ब्रश मी कशाला वापरीन?” ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. “यावर काही उपाय नाही का? माझ्यासाठी?”

“लस आहे. डॉक्टर म्हणाल्या, तिला घेऊन या.”

ती उठून उभी राहिली. त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काठावर पाय घट्ट रोवून बसलेल्या एखाद्या पोराकडे पाहावं. “लस आहे,” ती म्हणाली. “लस आहे, आणि तू इतके दिवस इथे येऊन लपून बसलायस.”

दुसऱ्याच आठवड्यात दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिचं रक्त तपासलं. विषाणू नव्हता, पण त्याच्याशी लढणारी ताकदही नव्हती. मग पहिलं इंजेक्शन दिलं. दुसरं महिन्याभरानं, तिसरं पहिल्यापासून सहा महिन्यांनी, आणि त्यानंतर पुन्हा एकदा रक्त तपासून ताकद आली की नाही ते पाहायचं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना सगळं स्पष्ट सांगितलं, काही आडपडदा न ठेवता, इतकं की वरखालीचे कान लाल झाले आणि पोहण्याच्या बाईंना हसू आवरेना. तोवर निरोध वापरूनही संसार करता येईल, असं त्या म्हणाल्या. पण लग्न पुढे ढकलायचं दोघांनीच ठरवलं. घाई तरी कुणाला होती?

आता राहिले तिचे वडील. ते न्हावी होते. चौकात त्यांचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं, समोरासमोर आरसे लावलेले, त्यामुळे एक गिऱ्हाईक बसलं तरी पन्नास बसल्यासारखी दिसत. लग्न पुढे का ढकललं हे त्यांना सांगायलाच हवं होतं. वरखाली त्या दिवशी स्वच्छ शर्ट घालून दुकानात गेला आणि एखाद्या गुन्हेगारासारखा रिकाम्या खुर्चीच्या कडेवर टेकला. मुलीनंच सगळं सांगितलं. वडील हातातली कात्री पुसत ऐकत राहिले.

“झालं?” ते म्हणाले. “म्हणजे एवढंच?”

दोघं त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले.

“मी प्रत्येक दाढीला पातं का बदलतो? हौस म्हणून? मला माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, समोर बसलेल्या प्रत्येकाला कावीळ आहे असं समजूनच हात चालव. या खुर्चीत आजवर कितीजणांना असेल कोण जाणे. त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? तुला ठाऊक आहे. तू बाबा त्या सगळ्यांपेक्षा बरा.” मग त्यांनी कात्री खाली ठेवली. बाप होते, नुसतेच न्हावी नव्हते. “पण इंजेक्शनं पुरी झाल्याशिवाय नाही.”

“नाही, बाबा,” तो म्हणाला.

“आणि दाढी घरी करायची, आपल्या वस्तऱ्यानं. मी देतो तुला चांगला.”

त्यांनी खरंच दिला. कातडी डबीत घातलेला, मुठीला पितळ असलेला. वरखालीच्या जिवात जीव आला.

पण आईला सांगणं याहून अवघड निघालं. त्यानं तिला अर्धवट काहीतरी सांगून तपासणीला नेलं. ताईही आली. ताईच्या रक्तात विषाणू नव्हता, ती कशी सुटली कोण जाणे. आईच्या रक्तात होता, आणि तिचा झोपलेला नव्हता. सोनोग्राफीत यकृत खडबडीत दिसलं, जागोजागी वण धरल्यासारखं. ती जिना चढून दारातच बसायची ते काही नुसत्या वयानं नव्हतं.

घरी आल्यावर आई पलंगाच्या कडेवर बसली. “म्हणजे मी दिला तुला,” ती म्हणाली.

“आई, तुला माहीत होतं का?”

“माहीत असतं तर दिला असता का रे?” तिनं पदरानं डोळे टिपले. “माझी आई पोटात पाणी होऊन गेली. पाय सुजले, डोळे पिवळे झाले. सगळे म्हणाले, नजर लागली. कोणी म्हणे, खाण्यात काही आलं. मी तेव्हा एवढीशी होते.”

तो तिच्या शेजारी बसला. त्याला सुचलं ते त्याच्या धंद्यातलंच होतं. “मी रक्त दिलं नसतं तर तुझं कळलंच नसतं,” तो म्हणाला. “दोर झिजलेला कळला म्हणजे निम्मं काम झालं, आई. न कळता झिजतो तेव्हाच भीती.”

आईला रोज एक गोळी सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं की ही गोळी विषाणूला थोपवून धरेल, आणि थोपवून धरला की यकृत आपली डागडुजी आपण करायला लागतं. आईनं गोळीची वेळ कधी चुकवली नाही. वर्षभरानंतर ती जिना चढून थेट आत येऊ लागली, दारात न बसता. पण तिच्या मनानं मात्र वेगळंच घेतलं होतं. तिनं आपला पेला वेगळा केला. ताट वेगळं. ताईच्या मुलानं गळ्यात हात टाकले की ती हळूच सोडवायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मुलानं सांगितलं, ताईनं भांडून सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि पेला वेगळाच ठेवायची.

तिकडे इंजेक्शनांचे महिने कसे गेले कळलं नाही. प्रत्येक इंजेक्शनानंतर दोघं इस्पितळाच्या मागच्या बागेत बसायची, ती दंड चोळत आणि तो तिच्या पिशवीतली संत्री सोलत. एरवी लग्न ठरलेल्या माणसांना बोलायला सवड मिळत नाही, यांना मिळाली. याच महिन्यांत त्यानं तिला सांगितलं की त्याला लहानपणी अंधाराची भीती वाटायची आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरूनच ती गेली. तिनं त्याला सांगितलं की ती पहिल्यांदा पाण्यात उतरली ती वडिलांच्या खांद्यावर बसून, आणि वडिलांना स्वतःला अजून पोहता येत नाही. तिनं वरखालीलाही पाण्यात उतरवलं. तो हात-पाय मारायचा ते जाळं विणणाऱ्या एखाद्या कोळ्यानं बादलीतल्या पाण्यात पडावं तसं. तलावावरची पोरं पोट धरून हसली. तिसरं इंजेक्शन झालं, काही आठवड्यांनी रक्ताचा अहवाल आला. ताकद आली होती, भरपूर. डॉक्टरीणबाईंनी अहवाल तिच्या हातात देत म्हटलं, “आता खुशाल लग्न करा.” मिस्त्री काठी टेकत लग्नाला आले आणि सगळ्यांना सांगत सुटले की हे लग्न आपल्या मोडलेल्या पायावर उभं आहे.

दीड वर्षानं त्यांना मुलगी झाली. जन्मानंतर काही तासांतच तिच्या इवल्याशा मांडीत पहिली लस गेली. तिनं टाहो फोडला, आणि वरखाली मात्र तो टाहो ऐकून भिंतीला टेकून हसत उभा राहिला. नर्सला वाटलं, याचं डोकं ठिकाणावर नाही.

घरी आणल्यावर आई नातीला दुरून बघायची. दुपट्याच्या घड्या करायची, लंगोट वाळत घालायची, पण उचलायची नाही. सुनेनं काही दिवस ते पाहिलं. मग एका सकाळी तिनं न्हाणीघरात कोमट पाणी काढलं, मुलीला उघडं करून आणलं आणि सासूच्या समोर उभी राहिली.

“आई, हिला तुम्ही न्हाऊ घाला.”

“मी नको. माझ्या बोटाला चीर आहे. भाजी चिरताना.”

“पट्टी लावा.”

“नको गं. चुकून काही झालं म्हणजे?”

“हिला लस दिलीय. मला दिलीय. या घरात आता तुमच्याकडून घेणारं कोणी उरलेलं नाही.” तिचा आवाज तलावावरच्यासारखा झाला. “मला पोहायला शिकवता येतं, पण एवढ्या लहान बाळाला न्हाऊ घालायला येत नाही. हातातून सटकते. तुम्ही दोघांना न्हाऊ घातलंत. आता मला शिकवा.”

ते खोटं होतं. तिला उत्तम येत होतं. वरखाली आतल्या खोलीत दाढी करता करता थांबून ऐकत होता.

आईनं बराच वेळ बोटाकडे पाहिलं. मग फडताळातून पट्टी काढून लावली, पाटावर बसली, साडी गुडघ्यापर्यंत ओढून पाय पुढे केले आणि म्हणाली, “आण. मान अशी धरायची. अशी नव्हे, अशी.” नातीच्या टाळूवर तांब्यातलं पहिलं पाणी पडलं तशी ती डोळे विस्फारून आजीकडे बघत राहिली. आजी तिच्याशी काहीतरी गुणगुणत बोलायला लागली, अर्थ नसलेलं, लयीचं. ते पुढे रोजचंच झालं. वेगळा पेला कधी बाकीच्यांत मिसळला ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

आता दर सहा महिन्यांनी माय-लेक दोघं मिळून इस्पितळात जातात. सोनोग्राफीच्या वेळी पोटावर लावायचं ते गार जेल आईला मुळीच आवडत नाही. दरवेळी ती तिथल्या मुलीला म्हणते, “अगं, गरम करून लावत जा, आम्ही काय मासे आहोत?” आईच्या यकृताचे वण पूर्वीपेक्षा मऊ झालेत. वरखालीचा विषाणू अजून डोळे मिटूनच आहे. डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आलाय. तपासणी झाली की दोघं खाली उपाहारगृहात चहा आणि भाजलेला पाव घेतात, आणि घरी येता येता आई वाटेत बाजारातून नातीसाठी काही ना काही घेतल्याशिवाय राहत नाही. मागल्या वेळी तिनं पोहायचा चष्मा घेतला, निळा. नातीला तो मोठा होतो. ती तो डोळ्यांवर चढवून घरभर फिरत असते आणि दारांना धडकत असते.